कोडच्या तुकड्यांची साठवण

प्रोग्रामिंग करणाऱ्या बहुतेकांजवळ कोडच्या तुकड्यांची एखादी फाईल असतेच. माझ्या फाईलीत सी, जावा, पर्ल, पायथॉन अशा चारपाच भाषांतल्या युक्त्या शेजारीशेजारी नांदतात आणि कोणती कधी कामी येईल याचा नेम नसल्यामुळे एकही काढून टाकण्याचा धीर होत नाही. मात्र नुसता कोड उतरवून ठेवण्यात फारसा अर्थ नाही. ती ओळ कशासाठी लिहिली गेली, हे तिच्या डोक्यावर लिहिलेले हवे.

क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी मध्य पाहून निम्मी यादी वगळत शोध घेणाऱ्या बायनरी सर्चचेच पाहा. यादीचा मध्य काढायचा तर खालचा आणि वरचा क्रमांक मिळवून दोनाने भागावे, हे शाळकरी पोरही सांगेल. पण जावातला इन्ट (पूर्णांकाचा नेहमीचा प्रकार) २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जात नाही, त्यामुळे यादी अवाढव्य असली की बेरीज मर्यादा ओलांडून चक्क ऋण होते. जावाच्या अधिकृत लायब्ररीत हीच चूक सुमारे नऊ वर्षे दडून होती आणि २००६ मध्ये तिची हकिगत जाहीरपणे सांगणारे जोशुआ ब्लॉक हेच त्या कोडचे लेखक होते. (असा मोकळेपणा दुर्मीळच!) उपाय एका ओळीचा आहे: वरच्यातून खालचा वजा करून फरकाचे अर्धे खालच्यात मिळवायचे. पायथॉनमध्ये मात्र या ओळीला काही काम नाही, कारण तिथला पूर्णांक मेमरी पुरेल तितका वाढतो; तरीही ती तिथे भक्तिभावाने उतरवलेली आढळते.

पर्लमधली श्वार्ट्झियन ट्रान्सफॉर्म ही क्रम लावण्याची युक्ती माझी विशेष लाडकी. रँडल श्वार्ट्झ यांच्या १९९४ मधल्या कोडवरून तिला हे नाव पडले. फायली आकारानुसार लावताना दर तुलनेला आकार विचारत बसण्याऐवजी प्रत्येकीचा आकार एकदाच काढून तिच्याशी जोडायचा, त्या जोड्या क्रमाने लावायच्या आणि शेवटी आकार टाकून द्यायचे. हे सारे एकाच विधानात, तेही खालून वर वाचायचे! पायथॉनने २००४ च्या २.४ आवृत्तीत सॉर्टला (क्रम लावणाऱ्या आज्ञेला) कशावरून तुलना करायची हे सांगणारा ‘की’ हा पर्याय दिला आणि ही कसरत भाषेच्या पोटात गेली. पर्लची नोंद मी तरीही पुसलेली नाही, कारण जावास्क्रिप्टच्या सॉर्टला तसा पर्याय नाही आणि तुलनेसाठी लागणारे मूल्य काढणे खर्चिक असले की मॅप (मूल्य जोडणे), सॉर्ट, मॅप (मूल्य काढून टाकणे) या त्याच तीन पायऱ्या तिथे हाताने लिहाव्या लागतात.