अपोफिसची कक्षा एक्सेलमध्ये मांडताना

'२०२९ मध्ये अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीवर आदळणार' हा फॉरवर्ड आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून येतोच. वाद घालत बसण्यापेक्षा म्हटलं, आपणच गणित करून बघू. एक्सेल रोजच्या कामातलं, बारावीची त्रिकोणमिती थोडीफार शिल्लक होती.

नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेचा लघुग्रहांचा डेटाबेस सगळ्यांना खुला आहे. ९९९४२ हा क्रमांक टाकला की अपोफिसची अख्खी कुंडली समोर. अर्धदीर्घ अक्ष (कक्षेच्या लांबीचा अर्धा भाग) ०.९२२ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर), विकेंद्रता (कक्षा किती लांबट आहे याचं माप) ०.१९१, पृथ्वीच्या कक्षेशी कल ३.३ अंश. कक्षेच्या आकारावरून फेरीचा काळ सांगणारा केप्लरचा तिसरा नियम लावला तर एक फेरी साधारण ३२३ दिवसांची निघते. सूर्यापासून जवळात जवळ ०.७४६ आणि लांबात लांब १.०९८ एकक. म्हणजे स्वारी शुक्राच्या कक्षेच्या जरा बाहेर वळते आणि पृथ्वीची कक्षा ओलांडून परत फिरते.

इथवर सगळं सोपं. अमुक तारखेला तो नेमका कुठे, हे काढताना खरी गंमत आली. लंबवर्तुळात वेग सतत बदलतो, त्यामुळे कोन थेट सूत्रातून मिळत नाही. अंदाज धरून पुन्हा पुन्हा सुधारावा लागतो. सरासरी वेगाने ६० अंश झाले असतील, तर पहिल्या सुधारणेत ६९.४८, दुसऱ्या वेळी ७०.२५, मग ७०.३०, आणि तिथेच आकडा थांबतो. सूत्र खाली ओढायचं आणि आकडे स्थिरावताना बघायचं, हे मी गरज नसतानाही कितीतरी वेळ करत बसलो.

कुठल्या तारखेला ग्रह-लघुग्रह कुठे असतील हे सांगणाऱ्या जेपीएलच्याच होरायझन्स सेवेशी ताडून पाहिलं. जवळच्या तारखांना माझी स्थाने छान जुळली.

आकाराचं गणित मात्र निसरडं. मूळ तेजस्वितेवरून व्यास काढताना पृष्ठभाग किती प्रकाश परतवतो हे धरावं लागतं. ०.३५ धरलं तर सुमारे ३४० मीटर. कोळशासारखा काळा, ०.०५ धरला तर तोच दगड ९०० मीटरचा! वर तो नीट एका अक्षाभोवती फिरतही नाही, डगमगत गडगडतो.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो डेटाबेसमधला अनिश्चिततेचा रकाना. भीतीचं मूळ तिथेच आहे. २००४ च्या जूनमध्ये शोध लागला, निरीक्षणं थोडीच होती, म्हणून डिसेंबरात २०२९ च्या टकरीची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत चढली. जुन्या छायाचित्रांत तो सापडल्यावर काही दिवसांतच ती मावळली. मार्च २०२१ च्या रडार निरीक्षणांनंतर तर पुढची निदान शंभर वर्षं धोका नाही, असं नासाने जाहीर केलं. ग्रुपवर हे टाकलं. दोन अंगठे आले, फॉरवर्ड मात्र पुन्हा आलाच.

माझ्या शीटला एक मर्यादा आहे: तिला फक्त सूर्य माहीत. १३ एप्रिल २०२९ ला, आपल्याकडे १४ तारखेच्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास, अपोफिस पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल, भूस्थिर उपग्रहांच्याही आतून. पृथ्वीच्या ओढीने त्याची कक्षाच फुगेल, अर्धदीर्घ अक्ष ०.९२ वरून १.१ च्या आसपास जाईल आणि एक फेरी वर्षाहून मोठी होईल. वर्षाहून कमी वेळात फेरी मारणाऱ्या आतेन गटातला हा लघुग्रह मग वर्षाहून जास्त वेळ घेणाऱ्या अपोलो गटात मोजला जाईल, आणि माझे वरचे सगळे रकाने नव्याने भरावे लागतील.