तापलेली केबल निर्दोष निघाली

तक्रार एका ओळीची होती: बॅटरीकडून इन्व्हर्टरकडे जाणारी केबल तापते, बदलायची आहे. ४८ व्होल्टची बॅटरी बँक, १० केव्हीएचा इन्व्हर्टर. प्लसच्या बाजूला ३५ चौरस मिमी तांब्याच्या, दहा-दहा मीटरच्या दोन केबल पॅरलल जोडलेल्या. एकीवर हात जेमतेम टेकत होता, दुसरी थंडगार. बदलायची केबल कापून तयारही होती.

आधी केबलभोवती अडकवून करंट मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर लावला. (फक्त एसीचा क्लॅम्प इथे काही कामाचा नाही.) लोड एकूण १८० अँपिअर, म्हणजे दोघींत ९०-९० हवेत. तापलेलीत १४२, थंड केबलमध्ये अवघे ३८! नव्या केबलची गरजच नव्हती. दोन्ही केबलच्या टोकांमधला व्होल्टेज ड्रॉप सारखाच असतो. जिचा रेझिस्टन्स जास्त, तिच्या वाट्याला करंट कमी. थंड केबल अंग चोरत होती आणि धडधाकट केबल तिचाही भार वाहत होती. करंट ९० चा १४२ झाला की उष्णता वर्गाच्या हिशेबाने वाढते, म्हणजे सुमारे अडीचपट.

मग लोड चालू ठेवूनच मल्टिमीटरने ड्रॉप मोजला. टोकापासून टोकापर्यंत दोन्हींवर ०.९१ व्होल्ट. पण थंड केबलच्या तारेत त्यातले ०.२२ च, बाकीचे ०.६९ इन्व्हर्टरकडच्या एकट्या लगवर (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडतुकड्यावर) पडत होते. एक प्रोब लगच्या चपट्या पानावर, दुसरा स्लीव्ह (लगवरचं आवरण) मागे सारून उघड्या तारांवर ठेवला की हे दिसतं. चांगल्या लगवर ड्रॉप काही मिलिव्होल्टच असतो. ०.६९ गुणिले ३८, म्हणजे २६ वॅट. लहान सोल्डरिंग आयर्न बोटाएवढ्या लगमध्ये सतत चालू असल्यासारखं. स्लीव्ह तपकिरी पडून कडक झाली होती, पण हात लावणारे सगळे केबलच्या मध्यावरच हात लावत होते.

मेन फ्यूज २५० अँपिअरचा. त्याच्यातून एकूण १८० च जात होते, तो कशाला उडेल? आतली वाटणी त्याला कळतच नाही. दोन केबलना वेगवेगळे फ्यूज असते, तर निदान काहीतरी बोललं असतं.

सप्लाय बंद करून लग कापला. ३५ च्या केबलला ५० चा लग, तोही ५० च्याच डायने (दाबायच्या साच्याने) दाबलेला. तारा आत सैल, काळ्या पडलेल्या. काळी तार कापून टाकली, ३५ चा लग ३५ च्या डायने दोन ठिकाणी दाबला. पुन्हा तेवढ्याच लोडवर मोजलं: ९१ आणि ८९.