भंडारदरा मालिका : रतनगडाचे प्रतिबिंब अखेर पाण्यात बसले

भंडारदऱ्याच्या पेन्सिलचित्रांपैकी गेल्या नोंदीत अर्ध्यावर थांबलेला मोठा कागद या आठवड्यात सुटला. रतनगड आणि शेजारचा खुट्टा सुळका तेव्हाच जमले होते. घट्ट बेसाल्टचे उभे कडे कार्बन पेन्सिलीने आणि त्यांमधील मऊ थरांचे गवताळ उतार एचबीच्या आडव्या टोकाने, ही विभागणी मला अजूनही अतिशय आवडते. अडले होते ते आर्थर जलाशयाचे, म्हणजे भंडारदरा धरणाचे, पाणी. त्यातले प्रतिबिंब वरून चिकटवल्यासारखे दिसत होते.

छटांचे नेहमीचे उपाय करून झाले होते : प्रतिबिंबातील गडद भाग किंचित फिके, उजळ भाग किंचित गडद, कडा उभ्या दिशेने पुसट. तरीही पाणी सपाट होईना, कारण दोष छटांचा नव्हता, भूमितीचा होता. पाण्यातले चित्र ही वरच्या देखाव्याची उलटी प्रत नसते. आपला डोळा पाण्याच्या जितका वर असेल तितकाच पाण्याखाली नेला, तर तेथून जे दिसेल ते उलटे होऊन प्रतिबिंबात येते. समजा, डोळा पाण्यापासून 30 मीटर उंच आहे, 1 किलोमीटरवर 100 मीटर उंचीची टेकडी आहे आणि 6 किलोमीटरवर 500 मीटर उंचीचा डोंगर आहे. प्रत्यक्षात डोंगराचा माथा टेकडीच्या वर डोकावतो. प्रतिबिंबात मात्र तो टेकडीआड पूर्ण झाकला जातो.

नकाशावरील उंची आणि अंतरे घेऊन हेच गणित माझ्या बैठकीच्या जागेपुरते मांडले, तेव्हा प्रतिबिंबातला खुट्टा संपूर्ण खोडावा लागला आणि रतनगडाची जेमतेम माथ्याची पट्टी उरली. इतक्या प्रेमाने काढलेला सुळका पुसणे जिवावर आले, पण तो जाताच पाणी आडवे झाले आणि अलीकडच्या तीरापर्यंत पसरले.

खोडताना कागदाने मात्र छळले. शंभर टक्के सुती म्हणून पाठवलेल्या या कागदाचा पृष्ठभाग मऊ रबरानेही उसवतो. त्या दुकानाकडून पुन्हा मागवणार नाही. उसवलेल्या जागी 8बी या मऊ, गडद ग्राफाइट पेन्सिलीची चकाकी अधिकच डोळ्यांत भरत होती, म्हणून तेथे न चकाकणारे मॅट ग्राफाइट वापरले. गडद पाण्यासाठी त्याला तोड नाही.

पुढचा कागद कळसूबाईचा ठरला होता. परंतु हे लिहितानाच वाटू लागले आहे की, 1646 मीटरचे ते शिखर थांबू शकते. त्याआधी हाच देखावा अगदी पाण्याच्या काठी बसून काढावा. तेथे डोळा पाण्यालगत असल्याने प्रतिबिंब जवळजवळ हुबेहूब उलटे येईल आणि खुट्टाही परत मिळेल. मात्र त्यासाठी पावसाळ्यानंतर धरण भरलेले हवे, कारण उन्हाळ्यात पाणी उतरले की काठावर उघडी पडणारी मातकट पट्टी डोंगर आणि प्रतिबिंब यांना एकमेकांपासून तोडते. दोन्ही कागद एकाच मापाचे ठेवून शेजारी लावायचे असल्याने या कागदाचा खालचा समास आजच दोन बोटे कापून टाकला आहे.