शेवटचा बाक आणि पॅरिशमधलं माझं काम – माझा अनुभव

नवीन पॅरिशमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या नव्या स्थानिक समुदायात, आले तेव्हा पहिली दोन वर्षं मी शेवटच्या बाकावरच बसायचे. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, वेळेवर यायचे पण शेवटचं गीत संपायच्या आत बाहेर पडलेली असायचे. कोणी माझ्याशी वाईट वागलं असं अजिबात नाही, खरं तर कोणी काही बोललंच नाही आणि मीही कोणाशी बोलले नाही, शांती द्यायच्या वेळी आजूबाजूच्यांना हात जोडायचे तेवढीच काय ती ओळख. आधीच्या पॅरिशमध्ये मी कॉयरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकवृंदात, होते, तिथं सगळे ओळखायचे, त्यामुळे इथलं हे परकेपण जास्तच लागायचं. घरी आल्यावर वाटायचं, मी मिस्सेला जाते, पण या पॅरिशची आहे का?

मग एका रविवारी फॉर्म वाटले. तुमच्याकडे काय देणगी आहे, म्हणजे पैशाची नाही, देवाने दिलेली, तुम्ही पॅरिशसाठी काय करू शकता, असे रकाने. वाचन, गायन, वेदीची सजावट, कॅटेकिझम म्हणजे मुलांचं धर्मशिक्षण, आजाऱ्यांच्या भेटी, साफसफाई, हिशेब. मी गायन आणि हिशेबावर टिक केली, कारण गायचे आधी आणि हिशेब हे माझं नोकरीतलं काम. त्यानंतर जवळजवळ तीन महिने कोणाचाही फोन नाही. मला राग आला होता हे सांगायला हरकत नाही. म्हटलं विचारलं कशाला मग?

फोन का आला नाही ते नंतर कळलं. फॉर्म आले होते ढीगभर पण ते वाचून पुढं काय करायचं हे कोणी ठरवलंच नव्हतं. आणि ज्यांनी भरले त्यातल्या बऱ्याच जणांनी आधीपासून जे करत होते त्यावरच टिक केली होती. बाकीच्यांना वाटलं आपल्याकडे लिहिण्यासारखं काही नाही, म्हणून कोराच परत. मला वाटतं पुष्कळ पॅरिशमध्ये गाडी इथंच थांबत असेल, फॉर्म फाइलमध्ये जातात आणि लोक म्हणतात इथं कोणी पुढं येत नाही. पण पुढं येणं म्हणजे काय, तर बहुतेक लोकांना कोणीतरी नावाने बोलवावं लागतं, वेदीवरून सगळ्यांना केलेली घोषणा कोणालाच केलेली नसते.

फादरांनी शेवटी मला बोलावलं ते हिशेबाच्या टिकमुळे. म्हणाले, हे सगळे फॉर्म एका एक्सेल शीटमध्ये घालून द्याल का? दिले घालून. आणि मग मी स्वतःच एक चूक केली, नोकरीवरून माणसं लावली. शिक्षिका आहे ना, मग कॅटेकिझम. इलेक्ट्रिशियन आहे, मग माइक आणि लाइट. एका शिक्षिकेला मी मोठ्या उत्साहाने फोन केला तर ती म्हणाली, ताई, मी आठवडाभर मुलांसमोर उभी असते, रविवारी मला कोणीतरी शिकवावं असं वाटतं हो. मग तुम्हाला काय करायला आवडेल विचारलं तर थोडं थांबून म्हणाली, वेदीवरची कापडं धुऊन इस्त्री करायला आवडेल, शांतपणे, एकटीने. आज ती तेच करते आणि ती कापडं ज्या काळजीने घडी घातलेली असतात ते बघायला हवं.

त्या फोननंतर फादरांनी या कामातल्या आम्हा सहा जणांना बसवून एक गोष्ट समजावली जी मला दृढीकरण संस्काराच्या तयारीच्या वर्गात कधी नीट कळली नव्हती. कौशल्य वेगळं आणि कृपादान वेगळं. कौशल्य जन्माने किंवा शिकून येतं, ते माझं असतं, मी ते स्वतःसाठीही वापरू शकते. कृपादान पवित्र आत्मा देतो आणि ते मुळात दुसऱ्यासाठीच दिलेलं असतं, बायबलमधल्या करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात प्रेषित पौल हेच सांगतो की प्रत्येकाला आत्म्याचं प्रकटीकरण मिळतं ते सर्वांच्या हितासाठी. दोन्ही एकाच माणसात एकाच जागी असू शकतात, पण असतीलच असं नाही. त्याच अध्यायाच्या शेवटी जी यादी आहे तिच्यात चमत्कार, रोग बरे करणं, भाषा यांच्या रांगेत मदत करणं आणि कारभार सांभाळणं हेही आहे, म्हणजे खुर्च्या लावणारा आणि रजिस्टर लिहिणारा पौलाच्या यादीत आधीपासूनच आहे! मी हे ऐकलं तेव्हा मला खरंच भरून आलं.

फादरांनी हेही सांगितलं की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६४ साली लुमेन जेन्तियुम या दस्तऐवजात स्पष्ट म्हटलंय की आत्मा सगळ्या थरांतल्या श्रद्धावंतांना अशी दानं वाटतो, मोठी असोत की साधी, आणि ती ओळखायची, पारखायची जबाबदारी चर्चच्या पुढाऱ्यांची आहे पण आत्म्याला विझवायचं नाही. फादर म्हणाले, माझं काम विझवायचं नाही एवढं तरी मला जमायला हवं.

मग ठरलं की फॉर्म पुरे, माणसांशी बोलायचं. दोघा-दोघांच्या जोड्या, एका माणसाबरोबर अर्धा तास. प्रश्न थोडेच. काय करताना वेळ कळत नाही? लोक तुमच्याकडे आपणहून कशासाठी येतात? कोणत्या कामाने दमता पण मन भरलेलं असतं, आणि कोणत्या कामाने फक्त चिडचिड होते? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा, कारण वर्षानुवर्षं एकच काम निमूट ओढणारी माणसं प्रत्येक पॅरिशमध्ये असतात, त्यांना थांबायची परवानगी कोणी देत नाही. एका अंकलनी तर विचारल्यावर डोळे पुसले, म्हणाले मी आता सोडलं तर चालेल ना?

माझी पाळी आली तेव्हा मला वाटलं कॉयरचं बोलणं होईल. पण समोरच्या आंटींनी विचारलं, मिस्सेत एवढी शेवटी बसतेस, बघत काय असतेस? मी ओशाळले, कारण खरं उत्तर असं होतं की माझं लक्ष लोकांकडे जातं. पाठमोऱ्या लोकांकडे. कोण कुठं बसतं हे मला पाठ झालं होतं, नावं माहीत नव्हती पण डोकी माहीत होती. मी म्हणाले, डावीकडच्या तिसऱ्या बाकावरचं ते म्हातारं जोडपं चार रविवार झाले दिसलं नाही. आंटी गप्प झाल्या. त्या त्यांच्या घरापासून फार लांब राहत नव्हत्या आणि त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. हळूच म्हणाल्या, मग तूच जाऊन ये ना, मी येते बरोबर.

आम्ही गेलो. आजी पडल्या होत्या, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, आजोबा त्यांना सोडून निघू शकत नव्हते. पॅरिशला कळवावं असं त्यांना सुचलं नाही, म्हणाले एवढ्या लोकांत आपली कोणाला आठवण. मी घरी येऊन रडले. माझ्यासारखंच बोलत होते ते, मी शेवटच्या बाकावरून बोलायचे ते त्यांनी तिसऱ्या बाकावरून बोललं.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, नेणारी व्यक्ती जाऊ लागली, एक जण आजीपाशी बसायला म्हणजे आजोबांना मिस्सेला येता येईल, एकाची गाडी. तिथंच मला कळलं की आमच्या प्रश्नांत एक प्रश्न राहिला होता, तुम्हाला आत्ता कशाची गरज आहे? बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात हाच क्रम आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी तक्रार आली, आणि त्या तक्रारीतून सात जणांची निवड झाली, स्तेफन त्यातलाच एक. आधी गरज, मग माणसं, आणि माणसंही समुदायाने निवडलेली. आम्ही उलटं करत होतो, आधी दानं गोळा करून मग त्यांना काम शोधत होतो. प्रश्न बदलल्यावर बोलणीच बदलली. लोक काय देऊ हे सांगताना जेवढे संकोचायचे त्याच्या दुप्पट काय हवं हे सांगताना संकोचायचे, म्हणून आम्ही आधी आपापली गरज सांगायला लागलो, मी माझा एकटेपणा सांगायचे.

त्या आजी अजून घरीच असतात. पण त्यांनी एक दिवस मला विचारलं की मी काय देऊ, आणि मी चटकन म्हणाले तुम्ही आराम करा. ते चुकलंच. त्यांना आराम नको होता, त्यांना पॅरिशमध्ये जागा हवी होती. आता ज्यांनी आपलं नाव द्यायला हो म्हटलंय त्यांची यादी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाते, फक्त नावं, कारण नाही, आणि त्या रोज रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, एकेक नाव घेतात. आणि मग फोन करून त्या माणसाला सांगतात की आज तुझ्यासाठी केली. एका तरुण मुलाने मला सांगितलं की परीक्षेच्या दिवसांत त्या फोनची तो वाट बघायचा.

सगळं असं सुरळीत झालं असं मात्र नाही. मी न दिसणाऱ्यांना फोन करायला लागले तेव्हा माझा सूर चुकला, रविवारी आला नाहीत, असं सुरू करायचे. एक बाई तुटकपणे म्हणाल्या, हजेरी घेता का? त्यांचं बरोबर होतं, त्यांच्या घरात त्या महिन्यात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. आता मी आठवण आली म्हणून फोन केला एवढंच म्हणते आणि मग ऐकते, मिस्सेचा विषय त्यांनी काढला तरच. दुसरी गोष्ट, न दिसणाऱ्यांची नावं टिपायची माझी वही. तिच्यात कोणाचं आजारपण, कोणाचं भांडण असं लिहायला लागले होते, ते फादरांनी बघून थांबवलं आणि बरं झालं. आता वहीत नाव आणि तारीख, बाकी काही नाही, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणाच्याही घरातलं काहीही त्यांना विचारल्याशिवाय जात नाही. मुलांबरोबर काम करायला पुढं आलेल्यांच्या बाबतीतही फादर कडक होते, कितीही ओळखीचा असो, आधी चौकशी, ट्रेनिंग, आणि एकट्याने मुलांबरोबर राहायचं नाही. काहींना ते लागलं. पण दान खरं असेल तर ते नियम पाळायला कमीपणा मानत नाही असं माझं मत आहे.

आणि कॉयर. नवीन मुलींनी गायची तयारी दाखवली तर जुन्यांना वाटलं आपल्याला बाजूला काढतायत, प्रकरण पॅरिश कौन्सिलपर्यंत गेलं, एकाने मतदान घ्या म्हणून हट्ट धरला. तेव्हा फादरांनी सांगितलं की १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे चर्चच्या कायद्याप्रमाणे, कौन्सिल सल्ला देतं, निर्णय देत नाही, पण मला हा निर्णय एकट्याने द्यायचाच नाही, तुम्ही एकत्र बसून काढा. आणि त्यांनी त्या मीटिंगमध्ये करिंथकरांच्या त्याच पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचला. तो आपण लग्नात ऐकतो, पण पौलाने तो लिहिला दानांवरून आपसात भांडणाऱ्या मंडळीला, बारावा आणि चौदावा दोन्ही अध्याय दानांचे आणि मध्ये प्रीती. लगेच समेट झाला नाही, दोन जण सोडूनही गेले, त्यातले एक अजून परतले नाहीत आणि त्यांची जागा मला रोज दिसते. बाकीचे आता आलटून-पालटून गातात. मी कॉयरमध्ये गेलेच नाही, आणि त्याचं वाईट वाटत नाही याचंच मला नवल वाटतं.

गेल्या महिन्यात फादरांची बदली झाली. मला भीती होती की सगळं त्यांच्याबरोबर जाईल. नवीन फादर आले, पहिल्याच आठवड्यात मी वही घेऊन गेले आणि त्यांनी नावं हळूहळू वाचली, मग म्हणाले, तुम्ही नसाल तेव्हा हे कोण बघतं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रविवारी मी शेजारी पाहिलं तर वेदीसेवा, म्हणजे मिस्सेत फादरांना मदत करायचं काम, सोडलेला एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा माझ्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. मिस्सेनंतर मी त्याला विचारलं, आज कोण आलं नाही? तो जरा लाजला आणि तीन जण सांगितले. माझ्या लक्षात दोनच होते. तिसऱ्याकडे आम्ही शनिवारी चाललोय.