तुमच्याकडे मागतो, घरी का मागत नाही?

कोल्हापुरात लहान मुलांच्या वर्तनावर आणि संवादावर काम करत असल्यामुळे पालक मला एक प्रश्न वारंवार विचारतात: “तुमच्याकडे ‘पाणी दे’ म्हणतो, घरी मात्र तोंड उघडत नाही, म्हणजे हा मुद्दाम करतो का?” तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते आहे, कारण ‘मुद्दाम’ म्हटले की सगळा ठपका मुलावर बसतो आणि खरे कारण शोधायचे राहून जाते.

माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. शिकलेले वर्तन प्रत्यक्षात घडायचे तर दोन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. मुलाला ती वस्तू त्या क्षणी हवीशी वाटली पाहिजे, आणि ती इथे, या माणसाकडे, अमुक केल्यावर मिळते असे सांगणारी, आजवरच्या अनुभवाने पक्की झालेली खूण समोर असली पाहिजे. वर्तन विश्लेषणात पहिल्या गोष्टीला मोटिव्हेटिंग ऑपरेशन, म्हणजे प्रेरक स्थिती, असे म्हणतात आणि दुसरीला भेदक उद्दीपक.

या दोहोंची गल्लत फार सहज होते, म्हणून आपल्या मिसळीचेच उदाहरण घेते. सकाळी उपाशीपोटी निघालेला माणूस दुकानाचे शटर वर दिसले की आत शिरतो आणि खाली दिसले की पुढे निघून जातो. शटर खाली असताना त्याची भूक कमी झालेली नसते. त्याच क्षणी कोणी हातात मिसळीची प्लेट दिली तर तो आवडीने खाईल. घरून पोटभर जेवून आलेल्या माणसाचे नेमके उलटे असते, म्हणजे शटर वर आहे, मिसळ मिळणार आहे, परंतु त्याला ती नको आहे. उघडे शटर मिसळ मिळण्याची शक्यता सांगते, तर मिसळीचे मोल भूक ठरवते.

हा भेद अगदी काटेकोरपणे मांडला तो अमेरिकेतील वर्तन विश्लेषक जॅक मायकेल यांनी, 1982 सालच्या लेखात. उपासमारीचा उंदरांच्या वर्तनावर होणारा परिणाम मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी 1930च्या दशकातच अभ्यासला होता आणि केलर व शोनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी 1950 मध्ये अशा स्थितींना स्वतंत्र नावही दिले होते. तरीही ‘खूण’ आणि ‘गरज’ एकाच पोत्यात भरण्याची सवय सुटली नव्हती. मायकेल यांची कसोटी मला आजही रोजच्या कामात उपयोगी पडते: एखादी गोष्ट भेदक उद्दीपक आहे असे म्हणायचे असेल, तर तिच्या अनुपस्थितीत वस्तू मिळत नसली तरी ती हवीशी असलीच पाहिजे. भूक या कसोटीला उतरत नाही, कारण भूक नसताना अन्न मुळात हवेसेच नसते.

प्रेरक स्थितीचे काम दुहेरी असते. ती एखाद्या गोष्टीचे मोल वाढवते किंवा घटवते, आणि ती गोष्ट पूर्वी ज्या वर्तनाने मिळाली होती ते वर्तन त्या क्षणी वाढवते किंवा दाबते. झणझणीत कटाने तोंड पोळले की पाण्याचे मोल वाढते आणि हात पेल्याकडे जातो. मात्र सगळ्या प्रेरक स्थिती शरीरातून येत नाहीत. प्लेटमधला रस्सा संपला आणि ब्रेडचे स्लाइस उरले, की भूक होती तेवढीच असूनही रस्सा एकदम मोलाचा होतो. मायकेल यांनी याच प्रकारासाठी खाचेचा स्क्रू समोर आल्यावर स्क्रूड्रायव्हर मागणाऱ्या वायरमनचे उदाहरण दिले होते. आता पाहा, रिकाम्या प्लेटमुळे रस्सा हवासा झाला तरी आपण गल्ल्यावर बसलेल्या मालकाला हाक मारत नाही. रस्स्याचे भांडे घेऊन फिरणारा वाढपी जवळ आला की मागतो. त्या एका हाकेत दोन्ही गोष्टी एकत्र काम करतात.

आता घराकडे येऊ. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांत आजी नातवाच्या हाती दर थोड्या वेळाने पाण्याचा पेला देते. त्यामागची माया मी जाणते, पण तहान लागायच्या आतच ती भागते आणि मागण्यासारखे काही उरत नाही. संध्याकाळी पप्पा घरी येतात, मूल खेळून दमलेले असते आणि तहान खरीच असते, परंतु मोबाइलवर बोलत असलेल्या पप्पांकडे मागितल्यावर पाणी मिळाल्याचा अनुभवच त्याला नसतो. आजीपाशी प्रेरक स्थिती नाही आणि पप्पांपाशी भेदक उद्दीपक नाही. दोन्हीकडे मूल गप्पच दिसते. कारणे वेगळी असल्यामुळे उपाय मात्र वेगळे करावे लागतात.

यावर काही जण विचारतात की मग त्याला थोडा वेळ पाणी देऊच नये का. याला माझा ठाम विरोध आहे. पाणी, जेवण, झोप आणि माया यांची टंचाई करून मुलाला बोलते करणे मला मान्य नाही, आणि त्याची गरजही नसते. रंकाळ्यावर पळून आल्यावर तहान आपोआप लागते. खेळण्याची किल्ली, बरणीचे घट्ट झाकण, चित्र पुरे करायला हवा असलेला खडू अशा गोष्टी तर काहीही हिरावून न घेता मागण्याची संधी देतात.

हाच नियम उलट्या बाजूनेही वापरता येतो. लक्ष वेधण्यासाठी किंचाळणाऱ्या मुलाला किंचाळण्याची वाट न पाहता अधूनमधून आपणहून जवळ घेतले, तर लक्ष मिळवण्याची निकड कमी होते आणि किंचाळणे सहसा घटते. शिक्षेपेक्षा मला हे कितीतरी पसंत आहे, फक्त याच्याच जोडीने नीट हाक मारायलाही शिकवावे लागते, कारण निकड कमी केल्याने नवे कौशल्य येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी येताना एक छोटी वही आणा. मूल गप्प राहिले त्या वेळी त्याने शेवटचे पाणी कधी प्यायले होते, जवळ कोण होते आणि पाणी शेवटी कसे मिळाले, एवढेच तीत लिहा. आजींना पाणी देणे बंद करायला सांगू नका. पेला हातात धरून, नातवाकडे पाहत, त्यांनी दोन क्षण थांबावे, आणि तरीही तो बोलला नाही तर शब्द स्वतः म्हणून पाणी द्यावे. पप्पांनी संध्याकाळी मोबाइल बाजूला ठेवून मुलाच्या समोर बसावे आणि त्याच्या तोंडून अर्धवट शब्द निघाला तरी लगेच पाणी द्यावे.