केविन परत आला, ब्रायनचा आवाज नाही

बॅकस्ट्रीट बॉईज या पाच गायकांच्या अमेरिकन पॉप संचाबद्दल कुणीही लिहायला बसलं की १९९९ वर येऊन थांबतं. पांढरे कपडे, विमानतळावरचं ते ‘आय वॉन्ट इट दॅट वे’ गाणं, कठड्याला रेलून किंचाळणाऱ्या मुली. ते सगळं मलाही प्रिय आहे. पण मला लिहायचंय ते २०१२ नंतरच्या बॅकस्ट्रीट बॉईजबद्दल, जेव्हा त्यांच्यावर लिहिणारे बरेचसे दुसरीकडे वळले होते. माझ्या मते ते खरे मोठे झाले ते तेव्हा.

आधी ओळख कशी झाली ते सांगते. माझं माहेर अमळनेर. मामेबहिणीने जळगावच्या फुले मार्केटमधून त्यांच्या ‘मिलेनियम’ अल्बमची कॅसेट आणली आणि त्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर दुसरं काही वाजलंच नाही. सकाळी उन्हं तापायच्या आत बिबडे (ज्वारीचे पापड) घालायचे, ते अर्धवट वाळले की ओल्या फडक्यावरून सोडवून खाटेवर उलटे टाकायचे, आणि उशाला टेपरेकॉर्डर. वीज गेली की सेलवर. सेल उतरायला लागले की पाचही जणांचा आवाज जड व्हायचा आणि आम्ही दोघी कासावीस. मोठी माय जिन्यात बसून ऐकायची. एकदा तिने विचारलं, “त्या पाचीजन भाऊ शेतस का व?”

पाची नाही, पण त्यातले दोघं नात्याने भाऊच. केविन रिचर्डसन आणि ब्रायन लिट्रेल, दोघंही केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनचे. बाकीचे तिघं हॉवी डरो, ए. जे. मॅक्लीन आणि निक कार्टर. १९९३ च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडातल्या ऑरलँडोला हे पाच जण एकत्र आले तेव्हा केविन एकवीस वर्षांचा होता आणि निक तेरा. जमवणारा लू पर्लमन, मूळचा जाहिरातींची, वायूने फुगवलेली हवाई जहाजं उडवणारा व्यापारी. ‘न्यू किड्स ऑन द ब्लॉक’ हा पोरांचाच गाणारा संच किती कमावतो हे पाहून आपणही तसा एक संच उभा करावा असं त्याच्या मनाने घेतलं. अमेरिकेने आधी या पोरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांना डोक्यावर घेतलं ते जर्मनीने आणि बाकी युरोपने. अमेरिका १९९७ मध्ये जागी झाली, आणि १९९९ च्या मे महिन्यात ‘मिलेनियम’ तिथे पहिल्या आठवड्यात ११ लाखांहून जास्त खपला.

माझ्यासाठी मात्र आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट वेगळी होती. आमच्या शाळेत समूहगीत म्हणजे पन्नास मुली एकाच सुरात. चुकून कुणाचा सूर खाली गेला की बाई छडी टेबलावर आपटायच्या. आणि इथे पाच माणसं एकाच वेळी वेगवेगळे सूर लावतायत, आणि ते भांडत नाहीत! हेडफोन नव्हते, म्हणून मी स्पीकरच्या जाळीला कान लावून एकेक आवाज वेगळा करायला शिकले. सुरुवात बहुधा ब्रायन करायचा, थोडा नाकातून येणारा, स्वच्छ. ए. जे. खरखरीत. निकचा आवाज वर्षागणिक बदलत गेलेला. हॉवी सगळ्यांच्या वर, जवळजवळ बायकांच्या पट्टीत. आणि सगळ्यात खाली केविन. केविनच्या वाट्याला एकट्याच्या ओळी फार थोड्या येत, त्यामुळे मुलींच्या भिंतीवर तो शेवटी लागायचा. पण धाब्याच्या घरात तुळईकडे मान वर करून कोण बघतं? ती काढली की कळतं. माझा आवडता केविन होता, आणि त्यावरून मामेबहिणीशी माझं रीतसर भांडण व्हायचं. तिचा अर्थातच निक.

उतार कसा सुरू झाला ते आज सगळ्यांना माहीत आहे. त्या वेळी आमच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. ब्रायनच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. त्याचं ऑपरेशन दौऱ्यांपायी पुढे ढकललं गेलं आणि शेवटी मे १९९८ मध्ये झालं. त्यानंतर काही आठवड्यांत तो पुन्हा स्टेजवर होता, बाजूला ऑक्सिजनच्या नळकांड्या ठेवून. हे मी पुढे कधीतरी वाचलं तेव्हा मला त्या सगळ्या कारभाराचा संताप आला, अजूनही येतो. तेवीस वर्षांच्या मुलाची छाती उघडून शिवलीय आणि तिकिटं विकली गेलीत म्हणून तो नाचतोय. त्याच वर्षी पैशांचाही हिशेब बाहेर आला. पर्लमन व्यवस्थापक म्हणून वाटा घ्यायचाच, वर करारात स्वतःला सहावा सभासद धरून आणखी एक वाटा घ्यायचा. पहिल्यांदा कोर्टात गेला तो ब्रायन, मग बाकीचे. हाच पर्लमन तोपर्यंत ‘एनसिंक’ नावाचा दुसरा संच उभा करून मोकळाही झाला होता, आणि २००० साली त्या संचाने पहिल्या आठवड्यात २४ लाख प्रती विकून आमच्या पाच जणांचा विक्रम मोडला. पर्लमनचं पुढे जे व्हायचं ते झालं. तीस कोटी डॉलरच्या वर लोकांना बुडवल्याबद्दल २००८ मध्ये पंचवीस वर्षांची शिक्षा, आणि २०१६ मध्ये कैदेतच मृत्यू.

२००१ मध्ये ए. जे. दारू आणि नैराश्यावरच्या उपचारांसाठी दाखल झाला, दौरा थांबला. मग निकने स्वतःचा अल्बम काढला, मग दोन-तीन वर्षं शांतता. २००५ मध्ये पुन्हा एकत्र आले, आणि जून २००६ मध्ये केविन बाहेर पडला. भांडण नाही, कोर्ट नाही. संसाराला आणि स्वतःच्या कामाला वेळ द्यायचाय, एवढंच.

इथे बाकीच्या चौघांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना मानते. त्यांनी जागा भरली नाही. खालचा सूर लावणारा तरणाबांड गायक ऑरलँडोत काय, कुठल्याही गावात मिळाला असता. त्यांनी जाहीर सांगितलं की केविनच्या जागी कुणी येणार नाही आणि त्याला दार कायम उघडं आहे. आणि खरोखर सहा वर्षं, दोन अल्बम, चौघांनीच काढले. २००७ आणि २००९ चे ते अल्बम ऐका. गाणी वाईट नाहीत, पण खाली पोकळ लागतं. २०१२ मध्ये केविन परतला. पाचही जण लंडनला एका घरात राहून गाणी लिहायला लागले.

आणि तेव्हाच ब्रायनचा आवाज जायला लागला होता.

याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हे दुखणं मला आतून माहीत आहे. मी पारोळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. दोन वर्ग एका खोलीत, वर पत्रे, पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की मुलांपर्यंत पोचायला ओरडण्याशिवाय इलाज नाही. वर्षानुवर्षं हे केलं आणि एके दिवशी परिपाठाला उभी राहिले तर प्रार्थनेची पहिली ओळ बाहेरच येईना. नुसती हवा. स्वरतंतूंवर बारीक गाठी झाल्यात, असं धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. बोलणं बंद, कुजबुजणंही बंद. कुजबुजण्याने गळ्याला जास्त ताण पडतो हे मला तोवर माहीत नव्हतं. घरी पाटीवर लिहून दाखवायचे, वर्गात टाळीच्या खुणा ठरवल्या. आणि परिपाठाला मी नुसते ओठ हलवायला लागल्यावर चौथीतली एक मुलगी, मी काही न सांगता, पहिली ओळ स्वतः उचलायला लागली. मी उभी राहायचे माझ्याच जागी. सुरुवात ती करायची.

त्या मुक्या दिवसांत मी त्यांचा २०१५ चा माहितीपट पाहिला. ब्रायनला ‘मसल टेन्शन डिस्फोनिया’ आहे. गायला तोंड उघडलं की गळ्याचे स्नायू आपोआप आवळतात आणि सूर मध्येच गळून पडतो. ज्याच्या आवाजावर अर्धा डोलारा उभा होता, त्याचंच हे व्हावं. माहितीपटात काही लपवलेलं नाही. निक आणि ब्रायन यांचं कॅमेऱ्यासमोर कडाक्याचं भांडण होतं. ते पाहताना मला दोघांचीही बाजू पटत होती. निकला संच बुडण्याची भीती, आणि ब्रायनला रोज स्टेजवर जाऊन स्वतःचा गळा आपल्याला फसवतोय हे लोकांदेखत पाहायचंय. पण त्यांनी ब्रायनला बाजूला केलं नाही आणि ब्रायनही घरी बसला नाही. २०१९ मध्ये ‘डीएनए’ हा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, २००० नंतर पहिल्यांदाच.

मे २०२३ मध्ये ते मुंबईत आले. शाळेला सुट्टी होती. मामेबहीण आता चोपड्याला असते, तिला जळगावला बोलावून घेतलं आणि रात्रीच्या गाडीने निघालो. डब्यात पुऱ्या आणि ठेचा. ४ तारखेला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या जिओ वर्ल्ड गार्डनमध्ये उघड्यावर कार्यक्रम. आपलं खान्देशचं ऊन कोरडं, अंग भाजतं पण घाम वाळतो. तिथे ओढणी पिळावी लागली. आजूबाजूला सगळ्या आमच्याच वयाच्या. सहा महिन्यांपूर्वीच निकचा धाकटा भाऊ ॲरन गेला होता. दुसऱ्या दिवशी लंडनच्या कार्यक्रमात निक रडत उभा होता आणि बाकीचे चौघं त्याला धरून होते, हे आम्ही दोघींनी मोबाइलवर पाहिलेलं. त्यामुळे निक पुढे आला तशी मामेबहिणीने माझा हात घट्ट धरला.

मी मात्र ब्रायनच्या गळ्याकडे पाहत होते. ‘आय वॉन्ट इट दॅट वे’ त्यानेच सुरू केलं. आवाज १९९९ चा नव्हता. काही शब्द तो आखडते घेत होता, शेवट लांबवत नव्हता. तो सूर सोडतो तिथे दुसरं कुणीतरी हजर असतं. आणि खाली केविन, एकावन्न वर्षांचा, जागच्या जागी. स्पीकरच्या जाळीला कान लावायची गरजच नव्हती, तो सूर पायाखालच्या जमिनीतून येत होता. मामेबहिणीने माझ्या कानात ओरडून कबूल केलं, “तुझा केविन भारी आहे व!” चोवीस वर्षांनी का होईना.

२०२५ च्या उन्हाळ्यात ते लास वेगासच्या ‘स्फिअर’ या गोलाकार सभागृहात गायले, ‘मिलेनियम’चीच गाणी, पुन्हा पांढऱ्या कपड्यांत. अंतराळयानासारखी ती रोषणाई खूप गाजली. माझं लक्ष त्या पाच माइककडेच होतं.

माझा आवाज परत आलाय, पण वरची पट्टी गेली ती गेलीच. म्हणून शाळेत आता प्रार्थना दोन सुरांत बसवतेय. खालचा सूर सातवीतल्या एका मुलाकडे दिलाय. त्याचा आवाज नुकताच फुटलाय, तो लाजून गायचंच सोडून बसला होता. पहिले काही दिवस तो दुसऱ्या ओळीला घसरून मुलींच्या सुरात जायचा, आता टिकतो. तिसरा सूर, हॉवीचा, त्याच्यासाठी अजून कुणी सापडलेलं नाही. पाचवीत एक पोरगी आहे, गळा चांगला आहे, पण कापूस वेचायला घरचे नेतात, तिच्या आईशी बोलायला शनिवारी तिच्या मळ्यात जाणार आहे.