आलटून पालटून स्पा

2028 साली फॉर्म्युला वनच्या कॅलेंडरवर स्पा, म्हणजे बेल्जियमचा रेस ट्रॅक, नाहीये. 2030 लाही नाही. बातमी मात्र अशी दिली होती की कॉन्ट्रॅक्ट 2031 पर्यंत वाढलं, अभिनंदन वगैरे, आणि मधली दोन वर्षं गाळलीयेत हे खाली हळूच, पगारवाढीच्या लेटरमध्ये कपात जशी शेवटच्या ओळीत असते तसं.

युरोपातल्या बऱ्याचशा रेस आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला लागतात, चहा झालेला असतो, जेवणाला वेळ असतो. वर्षाला 24 रेस, आणि खरं सांगू का, आवाज बंद करून नावं झाकली तर त्यातल्या निम्म्या कुठे चालल्यात ते मला सांगता येणार नाही. डांबर, रंगीत पट्टे, मागे एखादं चकचकीत हॉटेल. स्पा मात्र एका फ्रेममध्ये ओळखू येतं. ला सूर्सच्या वळणावरून गाडी उतारावर सुसाट खाली येते, ओ रूज नावाच्या ओढ्यापाशी डावीकडे, लगेच उजवीकडे, की समोर एकदम चढ, आणि चढ संपता संपता परत डावीकडे, तेव्हा ड्रायव्हरला पुढे रस्ताच दिसत नाही, नुसतं आभाळ. टीव्हीवर हा चढ निम्माच वाटतो म्हणतात, तरी माझा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो.

तो ओढा मला भारी आवडतो. पाण्यात लोह असल्यामुळे तळ तांबूस. पहिल्या महायुद्धाआधी हा ओढा चक्क बेल्जियम आणि जर्मनीची सरहद्द होता, शेजारी कस्टमची चौकी, आणि सुरुवातीच्या ट्रॅकवर त्या चौकीपाशी जाऊन गाड्या गर्रकन वळायच्या. 1939 मध्ये ते वळण टाळून रस्ता सरळ टेकडीवर चढवला, तो हा आजचा फेमस चढ, रेदियाँ. आधी डोंगर, मग रस्ता, मग रेस. वाळवंटात सपाटीवर नवा ट्रॅक बांधणाऱ्याला कितीही पैसे द्या, हा क्रम त्याला कुठून मिळणार?

अर्थात जुनं ते सोनं म्हणून गळे काढणाऱ्यांतला मी नाही. 1925 मध्ये बेल्जियन ग्रांप्री सुरू झाली तेव्हाचा स्पा म्हणजे फ्रँकोरशाँ, मालमेदी, स्तावलो या गावांमधला जवळपास 15 किमीचा साधा रस्ता, कडेला झाडं, घरं, तारेचे खांब. 1966 ला पहिल्याच लॅपमध्ये पाऊस आला आणि ड्रायव्हर जॅकी स्ट्युअर्टची गाडी रस्ता सोडून आपटली, तो आत अडकलेला, अंगावर पेट्रोल, स्टिअरिंग निघेना. ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट हे दोन ड्रायव्हर, स्वतःही घसरलेलेच, धावत आले आणि एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणून स्टिअरिंग सोडवलं. मदतीला ना धड डॉक्टर ना मार्शल. त्यानंतर स्ट्युअर्ट गाडीत पाना चिकटवून ठेवायला लागला आणि सेफ्टीसाठी सगळ्यांशी भांडत सुटला. तो ट्रॅक गेला ते बरंच झालं. आजचा 7 किमीचा स्पा 1979 चा आहे, फॉर्म्युला वन तिथे 1983 ला परत आली, आणि धोका अजूनही संपलेला नाही, 2019 मध्ये रेदियाँनंतरच फॉर्म्युला टू या खालच्या वर्गातल्या रेसमध्ये ड्रायव्हर आंत्वान ह्युबेर अपघातात गेला.

तरीपण. 2009 ला याच ट्रॅकवर आपली भारतीय टीम फोर्स इंडिया, जिचा तोवर एकही पॉइंट नव्हता, पोलवर, म्हणजे स्टार्टला सगळ्यांच्या पुढे! तिचा ड्रायव्हर फिसिकेला शेवटपर्यंत फेरारीच्या रायकोनेनच्या मागे चिकटून राहिला, एका सेकंदाच्या आत दुसरा आला. (पुढच्या रेसला तो फेरारीत गेला, ते एक असोच.)

मला भीती त्या 'आलटून पालटून' या प्रकाराची वाटते, कारण जर्मनीचं असंच झालं. 2007 पासून न्यूरबुर्गरिंग आणि हॉकेनहाइम हे तिथले दोन ट्रॅक एक वर्षाआड, खर्च वाटून घेऊ म्हणून. 2015 ला न्यूरबुर्गरिंगची पाळी आली तर रेसच नाही, 2017 लाही नाही, हॉकेनहाइमने 2019 पर्यंत खेचलं आणि संपलं. कोविडच्या वर्षी न्यूरबुर्गरिंगला एक रेस मिळाली तेवढीच. शूमाकर, व्हेटेल, मर्सिडीज यांच्या देशात रेस नाही, तर छोट्याशा बेल्जियमचा काय टिकाव लागणार! रेस भरवायची फी प्रचंड, स्पाचा तोटा तिथलं प्रादेशिक सरकार भरतं, आणि तिकडे आखाती देश वाट्टेल ते मोजायला तयार. इटलीतलं इमोला 2026 च्या कॅलेंडरवरून गेलंच. नेदरलँड्सच्या झांडवूर्टला तिथल्याच व्हरस्टॅपेन या ड्रायव्हरमुळे स्टँड केशरी होऊन जायचे तरी आयोजकांनीच सांगितलं की 2026 नंतर बास, सरकारी मदतीशिवाय एवढी रिस्क परवडत नाही. म्हणजे गर्दी असून भागत नाही, हे जरा जास्तच झालं.

1950 च्या पहिल्या सीझनमधले चारच ट्रॅक आज उरलेत. मोनॅको 2035 पर्यंत पक्कं, सिल्व्हरस्टोन 2034, मोन्झा 2031, आणि एकट्या स्पाला एक वर्षाआड बसवलंय. फी ठरवताना वय बघून सवलत का देत नाहीत, सीनियर सिटिझनला देतात तशी?

मित्र म्हणतोय 2027 ला जाऊनच येऊ. शेंगेन व्हिसा, ब्रसेल्सपर्यंत विमान, पुढे भाड्याची गाडी, आणि हॉटेल परवडणार नाही म्हणून शेतात तंबू, तिथे ट्रॅकच्या एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस असतो म्हणे. मी हो म्हणून टाकलंय. रेनकोट सिंहगडाचाच चालेल, तंबू मात्र त्याने बघायचाय.